हवालदारसाहेबांची पावडर

सत्यशीलाबाईंनी सकाळी शेंगदाण्याची चटणी वाटली आणि पहिल्याच घासाला तोंड कडूजहर झालं. मिक्सरच्या भांड्यात परत कुणीतरी वाळलेली कारली दळली होती. कुणी, हे विचारायची गरज नव्हती. मुलगी भावना लग्न होऊन गेल्यापासून घरात दोनच माणसं. एक त्या स्वतः, आणि दुसरे निवृत्त हवालदार राजानंद, जे या घडीला ओट्याशी उभे राहून कोमट पाण्यात हिरवी पूड ढवळत होते.

"भावनाचे पप्पा, माझ्या भांड्यात हे दळू नका म्हणून किती बार सांगायचं?"

"अगं, चटणीतून तुला बी फायदाच हाय."

सत्यशीलाबाईंनी चटणी उकिरड्यावर टाकली आणि भाकर नुसत्या कांद्यासंग खाल्ली.

राजानंद फौजेत होते तेव्हा वाटूरजवळच्या या गावात सत्यशीलाबाईंनी एकटीनं घर ओढलं होतं. बोअर घेतला, पत्रे काढून स्लॅब टाकला, पोरीला शिकवलं. नवरा घरी आला की जरा टेकायला मिळेल, असं त्यांना वाटायचं. नवरा आला, पण येताना शुगर घेऊन आला. बर्फातल्या ड्युटीनं पाय आधीच अधू झाले होते. शुगरनं तळव्यांची आग सुरू झाली आणि हळूहळू पाय बधिर पडले. जालन्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यातून गोळ्या मिळत होत्या आणि त्यांच्यावर गाडी बरी चालली होती. मग कडूबा आला.

कडूबा आष्टीचा, राजानंद यांच्याच युनिटमधला. मोटरसायकलला डब्यांची पिशवी अडकवून यायचा आणि चहाआधीच बोलायला लागायचा. शेवगा, गुळवेल, अश्वगंधा, जांभळाच्या बिया. कुठल्याशा कंपनीचं सगळं.

"गोळ्या रोग नुसता दाबून ठेवत्यात, वहिनी. हे मुळावर काम करतंय. शंभर टक्के झाडपाला. बाधायचा सवालच न्हाई."

"धोतरा बी झाडपालाच हाय, भावजी," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

कडूबा खळखळून हसला. राजानंद हसले नाहीत. जन्मभर ऑर्डर पाळलेला माणूस. घरी आल्यावर ऑर्डर देणारं कुणी उरलं नव्हतं, ते त्यांना कडूबात सापडलं.

आधी गोळ्या आणि पावडर दोन्ही चाललं. मग एक दिवस कपाट झाडताना डब्यांच्या मागं गोळ्यांची न फोडलेली पाकिटं निघाली.

"ह्या घेत न्हाईत तुमी?"

"शरीराला सवय लागती त्यांची."

"मंग शुगर तरी तपासून या."

"आकडा बघितला की टेन्शन येतं. टेन्शननं शुगर वाढती."

सत्यशीलाबाईंनी भावनाला फोन लावला तर ती म्हणाली, आई, तूच समजाव त्यांना. जणू इतके दिवस त्या दुसरं काही करत होत्या!

त्या आठवड्यात धुण्यात मोजा हाताला लागला. टोकाशी पिवळट डाग आणि वास असा, की त्यांनी तोंड फिरवलं.

"पाय दाखवा."

"काई न्हाई. बूट चावलाय जरा. रविवार होऊ दे."

रविवारी वाटूरच्या मंगल कार्यालयात कंपनीनं माजी सैनिकांचा मेळावा ठेवला होता आणि राजानंद तिथं अनुभव सांगणार होते. त्यांनी बुटांना पॉलिश केलं. सत्यशीलाबाई घरापासून फाट्यापर्यंत बोलत गेल्या, आणि राजानंद ऐकू येत नसल्यासारखे पुढं चालत राहिले. एक पाय किंचित बाहेर टाकत.

हॉल भरला होता. कडूबानं माइक हातात घेतला. "हे आमचे हवालदारसाहेब! गोळ्या बिलकुल बंद! आन् बघा कसे उभे हायेत!" टाळ्या पडल्या. राजानंद यांनी छाती काढली. "मी एकदम फिट हाय," ते म्हणाले.

सत्यशीलाबाईंच्या शेजारी बसलेल्या बाईनं त्यांचा हात धरला. "खरंच का हो, बाई? आमचे आदिनाथराव बी गोळ्या सोडायचं म्हणून राह्यलेत."

सत्यशीलाबाई उठल्या. खुर्च्यांमधून वाट काढत थेट पुढं गेल्या.

"बूट काढा."

"सत्यशीला, इथं न्हाई."

"इथंच. काढा म्हणलं ना!"

राजानंद यांनी एकदा कडूबाकडं पाहिलं, मग खुर्चीवर बसून नाडी सोडली. बुटातून खडीचा एक तुकडा खाली पडला. तो कधीपासून आत होता ते त्यांना ठाऊक नव्हतं. मोजा कातडीला चिकटला होता. सत्यशीलाबाईंनी तो हळूच सोडवला आणि पाय राजानंद यांना दिसेल असा वर धरला. करंगळी तळव्याच्या बाजूनं काळी पडली होती.

राजानंद बघतच राहिले. गुडघ्यांमुळं त्यांना पाय मांडीवर घेता येत नव्हता. स्वतःचा तळवा त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिलाच नव्हता. दुसऱ्या रांगेत आदिनाथरावांनी चपलेचा पट्टा सोडला आणि तळवा बायकोपुढं केला.

त्याच दुपारी जालन्याला नेलं. करंगळी काढावी लागली. डॉक्टर चिडले, आणि चिडले ते सत्यशीलाबाईंवर. "इतके दिवस तुम्ही काय करत होता?"

"ह्यांना विचारा," त्या म्हणाल्या. "पलंगावर तेच हायेत."

डॉक्टर खरंच पलंगाकडं वळले. शेवग्याची भाजी खुशाल खा, म्हणाले, पण पावडर मला दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, आणि आता सुरू केलेलं इन्सुलिन मनानं सोडायचं नाही. राजानंद यांनी मान हलवली. सत्यशीलाबाई बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. रडावंसं वाटत होतं, पण आतून नुसता संतापच वर येत होता.

"मला दिसतच न्हवतं गं," घरी आल्यावर राजानंद म्हणाले.

"मंग मला दाखवायचं!"

आता रोज सकाळी त्यांचा पाय मांडीवर घेऊन तपासणं हे सत्यशीलाबाईंचं काम झालं. वरून राजानंद यांच्या सूचना चालूच. "टाचेकडं बघ. बराबर बघ."

महिनाभरानं कडूबा आला. पिशवी नव्हती. तोंड सुजलेलं, पायावर सूज इतकी की बूट अर्धाच चढलेला. राजानंद यांनी तोंड फिरवलं. सत्यशीलाबाईंनी त्याच्यासाठी बरंच काही मनात साठवून ठेवलं होतं.

"तुमी सोता काय घेता, भावजी?"

"तेच. मला बी शुगर हाय, पर गोळ्या बंद, नुसती पावडर. मी खोटं न्हवतो बोलत, वहिनी."

ते ऐकून त्यांचा तिळपापड झाला. खोटारडा असता तर निदान दारातून हाकलता आला असता.

त्यांनी पायात चपला सरकवल्या. "उठा. जालन्याला."

"सोमवारी जातो ना. आज गर्दी..."

"उठा म्हणलं!"

राजानंद यांच्याही पायाची पट्टी बदलायची होती, म्हणून दोघांनाही बसमध्ये कोंबलं. रस्ताभर दोघं एकाच बाकावर बसून दोन वेगळ्या खिडक्यांबाहेर बघितल्यासारखं करत होते. दवाखान्यात नर्सनं विचारलं, पेशंट कोण?

"दोघंबी," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि त्यांना तिथंच सोडून चहा प्यायला बाहेर पडल्या.