साक्ष आणि मनोगत

चर्चमध्ये मला देवाची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती साक्षीची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तरुण मंडळींपैकी एकाने माइकसमोर उभं राहून प्रभूने आपलं आयुष्य कसं बदललं ते सांगायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती. माझ्याकडे बदलण्यासारखं काही नव्हतं. इतरांकडे चांगली पापं होती. एक जण वसतिगृहात दारू प्यायला होता. दुसरा घरातून पळून तासाभरावरच्या हुणसूरपर्यंत गेला होता. मी कॉन्व्हेंटमधली, चष्मेवाली, मॉरल सायन्समध्ये पहिली आलेली. साक्षीसाठी माझा नंबर जवळ आला की मला ताप यायचा, थर्मामीटरवर दिसणारा. आई म्हणायची, "सैतान अडवतोय तुला." मला मनातून त्याचे आभार मानावेसे वाटत.

बाबांना म्हैसूरजवळ बेळगोळच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही मिरजेहून म्हैसूरला आलो, तेव्हा मी तीन वर्षांची होते. बाबा गेल्यावरही आम्ही दोघी इथेच राहिलो. मी नोकरी करते. आई शिक्षिका होती, आता निवृत्त आहे, पण आवाज अजून सेवेत आहे.

विठ्ठलाकडे मी गेले ती गाऊन आणायला. चर्चच्या गायनमंडळाचे पांढरे गाऊन मार्केटमागच्या गल्लीतली एक बाई शिवायची. तिला सगळे अक्का म्हणत. पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात राहिलेलं मराठी शिंप्याचं घर. दुसऱ्या दिवशी रविवार, माझा गाऊन तिच्याकडे, आणि दुकानाला कुलूप. शेजारच्याने सांगितलं, आज एकादशी, सगळे देवळात.

देऊळ दोन गल्ल्या पलीकडे होतं. बायकांमध्ये बसलेल्या अक्काने मला दारातूनच पाहिलं आणि हातानेच "बस" म्हणून सांगितलं. मी सवयीने शेवटच्या ओळीत बसले. भजन दोन तास चाललं. त्या दोन तासांत मला कोणी नाव विचारलं नाही, पहिल्यांदाच आलात का विचारलं नाही, फॉर्म दिला नाही. शेवटी रांग लागली आणि मी उठून बाजूला होणार तेवढ्यात मागच्या बाईने मला पुढे ढकललं. पायांवर डोकं टेकायची पाळी माझी आली, म्हणून मी टेकलं. दगड गार होता, थोडा तेलकट, वर तुळशीचा वास. मी काही मागितलं नाही, काही कबूल केलं नाही. बाहेर आले आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू आलं. कोणी खांद्यावर हात ठेवून "तुझ्यासाठी प्रार्थना करू का" असं विचारलं नाही. एकीने केळं दिलं.

गाऊन मात्र त्या दिवशी मिळाला नाही. अक्का तो दुकानात विसरली होती, मी तो मागायला विसरले होते.

मग दर एकादशीला जाऊ लागले. आईला सांगायचे, "टेलरकडे जाऊन येते." हे खोटं नव्हतं. आई एकदाच म्हणाली, "एवढे ब्लाउज शिवतेस, घालतेस कधी?" देवळात मी ख्रिस्ती घरातली आहे हे कोणाला कळू नये म्हणून मी इतकी जपत होते की माझी मान दुखायची. शेवटी एकदा अक्काला एकटी गाठून हळूच विचारलं, "हिंदू व्हायचं असेल तर काय करावं लागतं?"

"अय्यो, चप्पल बाहेर सोडायचं," अक्का म्हणाली.

"तेवढंच?"

"आणि काय गं? सुम्मने, नुसतं येऊन बसायचं."

"पण मी... म्हणजे आमच्याकडे..."

"तुझ्या गाऊनाचं माप कोण घेतलं कणम्मा? मीच की. सगळ्यांना ठाऊक हाय. तू घाबरतेस म्हणून कोण बोलत नाही."

दीड वर्ष मी जे लपवत होते, ते त्या बायका माझ्यापासून लपवत होत्या.

राहिली आई. तिला सांगायचं मात्र मला धैर्य होत नव्हतं. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ते जिवंत असताना त्यांचं श्राद्ध घातलं होतं. एक तांब्या आणि अंगावरचे कपडे घेऊन ते निघाले, ही गोष्ट आमच्याकडे दर ख्रिसमसला सांगितली जाते, आणि सांगताना आईचा आवाज भरून येतो. पणजोबा ज्या दारातून एवढी किंमत देऊन बाहेर पडले, त्याच दारातून मी चप्पल काढून आत शिरले होते. आणि बाबांनंतर आईकडे मीच काय ती उरले होते.

मी आणखी वर्षभर टेलरकडे जात राहिले असते. पण गळा घात करतो. चर्चमध्ये मी खालची पट्टी गायचे, म्हणजे मुख्य चालीच्या खालून चालणारी दुसरी चाल. पंधरा वर्षांच्या सवयीने माझा गळा आपोआप तिकडेच घसरतो. देवळात मी ते ओठांतल्या ओठांत करायचे. अक्काचं मत होतं, "ही दुसऱ्याच गावातून जाते, पण पोचते बरोबर." त्या एकादशीला बायका कमी होत्या आणि माझा आवाज उघडा पडला. आरतीनंतर पुरुषांतून एक काका उठून आले. पुण्याहून बदली होऊन आलेले, मराठी मंडळाचे उत्साही कार्यकर्ते, देवळात वर्षातून दोनदा दिसणारे.

"वा! ही तर हार्मनी. कुठं शिकलात?"

मला खोटं पटकन सुचत नाही. "चर्चमध्ये," मी म्हणाले.

काकांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "म्हणजे तुम्ही घरी परत आलात!"

मी हसले. मी घाबरले की हसते, आणि माझं हसणं लोक होकार धरतात. पाच मिनिटांत सगळं ठरलं. येत्या रविवारी साडेदहा वाजता, याच देवळात, मंडळातर्फे माझा सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो.

"आणि तुमचं मनोगत," काका म्हणाले. "फार नको, दहा मिनिटं. तिथून इथं कशा आलात, काय चुकतंय असं वाटलं, तेवढं. मनापासून."

साक्ष चुकवायला मी आले होते, तर इथेही माइक होता. वेळसुद्धा तीच, रविवार साडेदहा.

"मी ग्रुपवर टाकतो," असं म्हणत ते गेले. मंडळाच्या त्या ग्रुपवर आई होती. महाराष्ट्रातून कोणी येणार असेल तर कांदा-लसूण मसाला मागवायला, एवढ्यापुरती.

घरी आले तेव्हा आई अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. फोन तिच्याजवळ पालथा पडला होता. मी चप्पलही काढली नाही.

"आई, मी विठ्ठलाच्या देवळात जाते."

"कशाला?"

"बसायला."

"घरात खुर्च्या नाहीत?" मग थांबून, "किती दिवस?"

"दीड वर्ष."

आई सोलत राहिली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, ती दाणे कचऱ्यात टाकत होती आणि सालं पातेल्यात.

"पाणी शिंपडलं का कोणी तुझ्यावर?"

"नाही."

"सही घेतली? क्लास? परीक्षा?"

"काही नाही."

"तुझं चर्चमध्ये दृढीकरण व्हायचं होतं तेव्हा मी तुला आठ महिने क्लासला नेलंय. पावसात. आणि ती माणसं नुसतं या म्हणतात?"

"या असंही म्हणत नाहीत."

आईने पातेलं बाजूला सारलं. पद्धतशीर केलेलं पाप तिला समजलं असतं. सत्काराचंही मी सांगितलं, रविवारसकट. ती उठली, आत गेली, आणि पुढचे तीन दिवस माझ्याशी फक्त कुकरच्या शिट्ट्यांविषयी बोलली. मी काकांना दोनदा फोन केला. पहिल्यांदा ते म्हणाले, "अहो, हाच तर विनय!" दुसऱ्यांदा मी हसले.

शुक्रवारी संध्याकाळी आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"त्या कार्यक्रमात तू काय बोलणार?"

"मनोगत."

"म्हणजे साक्षच."

"हो."

"काय सांगणार? आम्ही तुला काय वाईट शिकवलं ते?"

"काही वाईट नाही शिकवलं."

"मग सांग तसं त्यांना."

"मला नाही म्हणता येत नाही, आई."

"ते मला तुझ्या पहिलीपासून माहीत आहे. नंबर दे."

तिने फोन स्पीकरवर टाकून हातातच धरला, त्यामुळे काकांचा आवाज खोलीभर पसरला. आईने स्वतःची ओळख करून दिली. काका गहिवरले. "ताई, मग तुम्हीही या! तुमचाही करू सत्कार."

"माझी मुलगी हरवली नव्हती," आई म्हणाली. आवाज चौथी ब च्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. "ती सापडली म्हणून शाल कसली देता? ती कुठं बसते तो तिचा प्रश्न. तिला उभं करून माझ्या घराविरुद्ध बोलायला लावाल, तर मीही येईन. आणि मीही बोलेन. मला दहा मिनिटं पुरत नाहीत."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले की तसंही मार्च महिना आहे, लोक कामात असतात, सत्काराचं राहू दे.

आईने फोन ठेवला. मी तिच्याजवळ जायला निघाले, तर तिने हात वर केला.

"मला पटलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मी तुझ्यासाठी प्रार्थना करणार. रोज, जेवणाआधी, मोठ्यांदा. तू समोर बसायचंस."

"बसेन."

आणि मी बसते. ताटं वाढलेली असतात, आई डोळे मिटते आणि स्वर्गातल्या पित्याला सांगते की हे लेकरू वाट चुकलंय, त्याला परत आण. ती अशी नेमकी, सुरेख मराठी बोलते की माझ्या कुठल्याच चुकीला लपायला जागा राहत नाही. एकादशीच्या दिवशी प्रार्थना लांबते आणि सार गार होतं. अलीकडे तिने त्यात देवळातल्या बायकांनाही घेतलंय, त्यांनाही प्रकाश दिसो म्हणून. अक्काचे गुडघे दुखतात हे मी एकदा बोलले होते, तर आता गुडघेही आहेत.

प्रार्थना संपली की आई एक क्षण थांबते. तिची मागणी मान्य होऊ नये असं मला अगदी मनापासून वाटत असतं. तरी मी आमेन म्हणते, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि आम्ही जेवायला लागतो.