सकाळची पाळी

अन्याय झाला तो दर्यापूरच्या माझ्या मैत्रिणीवर, बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला त्या दुपारी, आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की ती दुपार अजून माझ्या अंगावर येते. अकोल्यात एकाच खोलीवर राहून आम्ही अभ्यास केला होता. परीक्षेत तिला सकाळची पाळी आली, मला दुपारची. उत्तरतालिका आली तेव्हा तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त भरले, आणि तिच्या जीप चालवणाऱ्या बाबांनी त्याच दिवशी सवाऱ्यांना पेढे वाटले. गुण म्हणजे गुण, असंच ते धरून चालले होते. मग नेटकॅफेत, कूलरसमोर बसून, निकाल उघडला. पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे आपापल्या पाळीतल्या पोरांशी तुलना करून काढलेल्या आकड्यात, ती माझ्या खाली होती. काकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, दोघींचे आकडे पाहिले. “तुले गुन कमी, मंग तू वर कशी वं?” मी म्हटलं, “काका, सकाळचा पेपर सोपा निघाला. त्या पाळीत सगळ्यायलेच गुन जास्त पडले, म्हून हिचा नंबर घसरला.” “सकाळी बसाचं हे हिनं ठरवलं होतं का?” मैत्रीण उठली. “चला बाबा, गाडी उन्हात उभी हाय.” अमरावतीच्या कॉलेजात मला जागा मिळाली, तिला नाही. आज तिथेच बसून मी हे लिहिते आहे. काकांच्या त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही मागा. परीक्षा घेणाऱ्यांना लिहा, सह्या करा, दारात बसा, पण सगळ्या पोरांना एकाच वेळी एकच पेपर मिळेपर्यंत घरी परतू नका.