सासूबाईंचा बहात्तर इंची स्वेटर

आमचं सगळं घर कापडावर चालायचं आणि मला शर्टाचं बटण लावता येत नसे.

ह्यात अतिशयोक्ती नाही. माझे यजमान सुरतेत लिंबायतच्या एका कारखान्यात लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. सासूबाई घरबसल्या साड्यांच्या पाठचे सुटे धागे कापायच्या. सकाळी साड्यांचा ढीग यायचा आणि संध्याकाळी साफ होऊन जायचा. आणि मी, चाळीसगावहून आलेली बी.ए. झालेली सून! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ह्यांच्या शर्टाला बटण लावताना मी तो शर्ट माझ्याच पदराला शिवून टाकला होता. (मी चहा ठेवायला उठले, तर शर्टही माझ्याबरोबर स्वयंपाकघरात आला!) तेव्हापासून आमच्या घरात सुई मला दिसणार नाही अशा जागी ठेवली जायची.

तर अशी मी, एका पत्रापायी, स्वेटर विणायला बसले.

ते पत्र आलं शिरपूरकडच्या गावाहून, सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाईंकडून. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, म्हणून ह्या मोठ्या आत्याबाई. वाटणीच्या वेळी एका पितळी घंगाळावरून ह्या दोघी जावांचं भांडण झालं होतं आणि त्याला आठ वर्षं होऊन गेली होती. बोलणं बंद, पण पत्रं चालू! दोघींनाही लिहिता येत नसल्यामुळे पत्रं दुसऱ्याकडून लिहून घ्यायच्या आणि त्यात फक्त आपापल्या सुनांची फुशारकी असायची. ह्या वेळी लिहिलं होतं, ‘माघात नातवाचं लग्न आहे, यावे. आमच्या सुनेने दाराला क्रोशाचं तोरण स्वतःच्या हाताने केलं आहे. लोक बघायला येतात.’

मी वाचून दाखवलं. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे बघितलं, आणि पुन्हा साडीचे धागे कापायला लागल्या. ते बघणं मला सहन झालं नाही. तोंडातून निघून गेलं, “आत्याबाई, तोरणाचं काय एवढं? मी तुम्हाला अख्खा स्वेटर विणून देईन. लग्नात घालून मिरवा!”

मला वाटलं, त्या हसतील आणि विषय संपेल. त्यांनी कात्री खाली ठेवली.

“लिख,” त्या म्हणाल्या, “मनी सून माले स्वेटर विनी राहिनी.”

“आधी विणते, मग लिहू ना...”

“लिख!”

लिहिलं. टपालपेटीत टाकलं. परतीचा रस्ता बंद झाला.

शेजारच्या हंसाबेनना क्रोशा येत होता. त्यांच्या घरात टीव्हीला, घड्याळाला, पाण्याच्या माठालासुद्धा जाळीचे झगे होते. मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. त्या म्हणाल्या, “शीखवाडीश. पण पहेलां ऊन लई आव.”

मी दारात जाऊन बघितलं. ऊन रणरणत होतं.

“हंसाबेन, ऊन तर अंगणात भरपूर आहे. आणू कशात?”

हंसाबेन हसता हसता भिंतीला टेकल्या. “अरे, ऊन! घेटांनुं ऊन!” शेवटी त्यांनी मेंढीसारखं बें बें केलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. गुजरातीत लोकरीला ऊन म्हणतात, हे सात वर्षं सुरतेत राहून मला माहीत नव्हतं. (माझी चूक नाही. सुरतेत तो शब्द वापरायची पाळी येते कुणावर?)

चौटा बाजारातल्या दुकानदाराने पुडकं काढलं तेव्हा त्यावरची धूळ आधी त्याला, मग मला शिंकायला लावून गेली. पुरेशी लोकर एकाच रंगाची होती. पोपटी. साधा पोपटी नाही, अंधारातही वाट दाखवील असा! मी घेतली. कमी पडू नये म्हणून दुप्पट घेतली.

शिकवणी सुरू झाली. पहिले आठ दिवस माझी साखळी एवढी घट्ट यायची की सुई आत गेली तर बाहेर यायची नाही. हंसाबेन ओरडायच्या, “ढीलुं राख, ढीलुं!” मग मी इतकं ढिलं केलं की टाक्यातून अंगठा जायचा. तरीही मुका खांब, अर्धा खांब, पूर्ण खांब असं करत करत एकदाचा गळा तयार झाला. स्वेटर गळ्यापासून खाली विणायचा होता, पुढून उघडा, बटणांचा. हंसाबेन म्हणाल्या, “हवे दर लाइने टांका वधारती जा. हुं कहुं त्यारे बंध करजे.” म्हणजे प्रत्येक ओळीत टाके वाढवत जा, मी सांगेन तेव्हा थांब.

आणि तिसऱ्या दिवशी लेकीच्या बाळंतपणासाठी हंसाबेन बारडोलीला निघून गेल्या!

आता मी काय करायचं? त्यांनी थांब म्हटलेलं नव्हतं. मी वाढवत गेले. आज्ञाधारक विद्यार्थिनी म्हणून शाळेतही माझं नाव होतं. महिनाभर मी वाढवत होते. स्वेटर आधी मांडीवर मावायचा, मग पलंगावर ठेवावा लागला, मग पलंगावरून खाली उतरला.

एका रविवारी ह्यांचं लक्ष गेलं. लूमवरचा माणूस! त्यांनी खिशातली टेप काढली आणि माझी कलाकृती जमिनीवर पसरून मापली.

“सुनंदा, बहात्तर इंच पन्ना आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे एवढा रुंद कपडा आमच्या कारखान्यात एकाही मागावर निघत नाही. आईची छाती किती, तीस?”

“जरा सैल असलेला बरा. आतून लुगड्याचा पदर येतो.”

“पदर येतो? आत रिक्षा येईल!”

मी रागाने स्वेटर उचलून खुंटीला टांगला (खुंटी निघून आली, ती गोष्ट वेगळी) आणि पाणी भरायला गेले. परत आले तर सासूबाई स्वेटर घेऊन बसलेल्या. हातात कात्री. त्यांची तरी काय चूक? आयुष्यभर लोंबता धागा दिसला की कापायचा, एवढंच केलेलं. गुंड्याकडे जाणारा धागा त्यांना लोंबता वाटला. त्यांनी तो कापला. आणि उरलेला जरासा राहायला नको म्हणून ओढला. धागा आला. अजून ओढला. अजून आला.

“तुना स्वेटरमा बठ्ठा धागाच शे वो!” म्हणजे सगळा धागाच आहे, असं त्या कौतुकाने म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर पोपटी शेवयांचा ढीग झाला होता.

मी धावत जाऊन धागा त्यांच्या हातातून काढून घेतला. चार बोटं काम उसवलं होतं. मग त्यांना समजलं, आणि त्या एवढ्याशा झाल्या. “मी बिघाडी टाकं का?” असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला रडता रडता हसू आलं. म्हटलं, “नाही आत्याबाई, बरंच झालं. मोठाच होत होता.”

खरंच, त्या दिवशी त्यांनी ओढलं नसतं तर स्वेटर उधना स्टेशनापर्यंत पोचला असता.

बाह्या जोडल्या. एका बाहीत माझा पाय गुडघ्यापर्यंत गेला, दुसऱ्या बाहीत मांडीपर्यंत. पाच मोठी लाकडी बटणं आणली होती. एक लावलं आणि हात टेकले. पण तेवढं एक असं लावलं की बैलाने ओढलं तरी निघणार नाही! मग नवा कपडा धुऊन वापरावा म्हणून मी तो भिजवला आणि दोरीवर वाळत घातला. भिजलेल्या लोकरीचं वजन केवढं असतं, हे मला कोण सांगणार? संध्याकाळपर्यंत स्वेटर आणखी वीतभर लांब झाला होता आणि दोरी जमिनीला टेकली होती.

लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी मी हळूच म्हटलं, “आत्याबाई, हा इथेच राहू दे. शाल घ्या. सांगू की विसरला.”

सासूबाई कपडे पिशवीत भरत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही. “पत्र गयं ना?” एवढंच म्हणाल्या आणि स्वेटर सगळ्यात वर ठेवला.

आता मला खरी भीती वाटायला लागली. माझं हसं होईल ते होईल, त्याची मला सवय होती. पण आठ वर्षांनी ही बाई त्या उंबऱ्यात पाय ठेवणार, आणि माझ्या एका थापेपायी जावेसमोर तिची मान खाली जाणार!

हळदीची सकाळ. माघातली थंडी, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मांडवात बायका अंग चोरून बसलेल्या. दाराला ते तोरण होतं, आणि दुष्टपणे सांगायचं तर फारच सुंदर होतं. इतक्यात सासूबाई बाहेर आल्या. बाह्या चार-चार वेळा दुमडलेल्या, खालचा काठ पायाच्या घोट्यापर्यंत. एक पोपटी टेकडी चालत येत होती आणि टेकडीच्या टोकाला सासूबाईंचं एवढंसं तोंड! मांडवातल्या सगळ्या माना वळल्या.

मोठ्या आत्याबाई उठल्या. साध्या लुगड्यात कुडकुडत होत्या, पण तोंड गरम होतं. त्या सासूबाईंशी न बोलता शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, “मांडव तं आम्ही टाकेल शे. हाऊ दुसरा कसाले आना?”

सगळ्या बायका फसकन हसल्या. मी तोरणाखाली उभी होते, तिथेच जमीन दुभंगायची वाट बघत होते.

सासूबाई मात्र शांतपणे बाजेवर बसल्या. एक हात बाहीतून बाहेर काढला, स्वेटरची ती बाजू उघडली आणि सरळ जावेकडे बघून म्हणाल्या, “हाऊ दोन जनीस्ना शे. मनी सूननी मुद्दाम तसा विनेल शे. तुले थंडी वाजस ना? मंग बठ आठे!”

आठ वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

मोठ्या आत्याबाईंनी सुनेकडे बघितलं, बायकांकडे बघितलं. मग थंडीची एक झुळूक आली आणि मानापमान तिथेच संपला. त्या येऊन बसल्या. हात बाहीत घातला. दोघी आत! वर दोन तोंडं, बाजूंना एकेक हात, आणि तरीही मध्ये जागा उरली होती.

फोटोवाला धावत आला. “आजी, जरा बटण लावा, सगळं पसरतंय!” मीच पुढे होऊन लावलं. बटण मोठं, फासा लहान. जोर करून आत ढकललं. फोटो निघाला.

मग कुणीतरी हाक मारली, “मोठ्या आजी, चला, हळद लावायला!”

मी बटण काढायला गेले. निघेना. ओढलं, पिळलं, दातांनी धरलं. निघेना! ह्यांनी खिशातून पक्कड काढली (जॉबर माणूस लग्नालाही पक्कड घेऊन जातो). फासा आणखी आवळला. मी घाबरून म्हटलं, “कात्री आणा, कापते.”

“खबरदार!” मोठ्या आत्याबाई ओरडल्या. “हात लावू नको. कितला गरम शे!”

मग त्या दोघी तशाच उठल्या. एकीने डावीकडे वळावं, तर दुसरीने उजवीकडे. पहिली तीन पावलं भांडणात गेली, चौथ्याला ठेका जमला. नवरदेवाने डोळे उघडले तर समोर दोन डोक्यांची, पोपटी आजी! एक हात उजव्या गालाला हळद लावतोय, दुसरा डाव्या. तो पाट सोडून मागे सरकला.

त्यानंतर तासभर दोघी बाजेवर बसून होत्या. बोलायला दुसरं कुणी एवढ्या जवळ नव्हतंच. मी चहा घेऊन गेले तेव्हा सासूबाई म्हणत होत्या, “ते घंगाळ तुनाच जोडे राहू दे बाई. माले नको.”

“कोनतं घंगाळ?” मोठ्या आत्याबाई म्हणाल्या. “ते तं कवयच फुटी गयं!”

घंगाळ केव्हाच फुटलेलं! दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आणि मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की माझं ते बैलाने ओढूनही न निघणारं बटण तटकन तुटलं आणि थेट हळदीच्या वाटीत जाऊन पडलं.

निघताना सासूबाईंनी स्वेटर जावेच्या खांद्यावर टाकला. “सुरतमा काय करू?” म्हणाल्या. दोघी दारात बराच वेळ हात धरून उभ्या होत्या, आणि मला कारण नसताना तोरण धूसर दिसायला लागलं.

पहाटेची एसटी होती, खिडकीची काच फुटलेली. नवापूर यायच्या आधीच सासूबाई थरथरायला लागल्या. मी माझी शाल त्यांना दिली. ह्यांना मफलर होता. मला पदर होता. मी गुडघे पोटाशी घेऊन दात वाजवत बसले होते. कंडक्टर तिकीट द्यायला आला, माझ्याकडे बघून त्याला दया आली.

“ताई, माघ महिन्यात असं निघतात का? घरच्या घरी एखादा स्वेटर तरी विणायचा!”

ह्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

“मला विणता येत नाही हो,” मी म्हटलं. तीन महिन्यांत त्या स्वेटरविषयी मी बोललेलं एवढंच एक वाक्य खरं होतं.