राजाची अडीच घरांची उडी

बुद्धिबळ मला बाबांनी शिकवलं. ते स्वतः स्टील प्लांटमधल्या सोबत्यांकडून शिकले होते. त्यांच्या खेळात राजाला एक सवलत असायची: डावात एकदा, शह बसला तरी, घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची. आमच्या घरी तोच कायदा.

नववीत हुडको कॉलनीतल्या बुद्धिबळाच्या क्लासला जायला लागले, तेव्हा कळलं की अशी उडी नसतेच. तिथे मी शेवटच्या ओळीची मात शिकले. राजा आपल्याच तीन प्याद्यांमागे निवांत बसलेला असतो. आपण हत्ती थेट त्या ओळीत घालायचा. राजाला पळायला जागा नाही, त्याचीच प्यादी वाट अडवतात. आठवडाभर मी तेच घोकलं. बाबांना सांगितलं नाही. त्यांची चूक काढायची मजा मला राखून ठेवायची होती. दीडशहाणी होते मी.

एका रविवारी आईऐवजी बाबा न्यायला आले. फर्स्ट शिफ्ट करून थेट, पायात प्लांटचे जाड बूट. माझ्यासमोरची खुर्ची रिकामी होती. सर त्यांना ओळखत नव्हते. "आइए, एक बाजी हो जाए," म्हणत त्यांनी बाबांना बसवलं. बाबा खुशीत होते. थोड्या वेळाने मी हत्ती शेवटच्या ओळीत नेला आणि म्हटलं, "मात."

बाबांनी राजा उचलला आणि प्याद्यांवरून पलीकडे ठेवला. "निसटला राजा! माही उडी बाकी होती नं!"

सगळा क्लास हसला. शेजारच्या मुलीने विचारलं, "तेरे पापा हैं क्या?"

"नहीं तो," मी म्हणाले. मग त्यांच्याकडे वळून, "अंकल, ऐसा रूल नहीं होता."

बाबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. राजा परत जागेवर ठेवला. "सॉरी बेटा, हमको मालूम नहीं था," म्हणाले, आणि उठून गेले.

माझे कान तापले होते. तेव्हा वाटलं, बाबांमुळे लाज गेली. कुणाची गेली होती, हे कळायला क्लास सुटावा लागला.

फाटकाशी बाबांची स्कूटर नव्हती. शोधत शोधत पुढच्या वळणापलीकडे गेले, तर किराणा दुकानाच्या आडोशाला बाबा स्कूटर घेऊन उभे होते. त्यांनी किक मारली.

"बस माय," ते म्हणाले. "इथून तुह्या क्लासवाल्याइले दिसत नाही."