चिंचेने घासलेली रायफल

बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कात सात वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून झाल्यावर मला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी एक वर्षाचा कोर्स होता, आणि त्या वर्षात माझा पगार नसणार होता. नवरा म्हणाला, "डोन्ट वरी, रायफल विकू. तुझं वर्ष निघेल."

नवरा इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. बाथटबमध्ये कोळी दिसला तरी मला हाक मारणारा. पण त्याच्या ओळखीच्या एका रिटायर्ड इंग्रज सर्जननी त्याला दोनदा हरणांच्या शिकारीला नेलं, आणि तो ट्वीडचा कोट घेऊन परतला. पुढच्या वर्षी त्याच सर्जनांची जुनी रायफल घरी आली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पोलादावर हाताने कोरलेली पानंफुलं. त्याआधी परवान्यासाठी पोलिसांचा माणूस येऊन लोखंडी कपाट भिंतीला पक्कं आहे का ते हलवून बघून गेला, शिवाय नवऱ्याच्या स्वभावाची चौकशीही करून गेला. माझ्या माहेरच्यांनी स्थळ बघताना एवढं केलं नव्हतं.

त्या रायफलीने हरीण कधी मारलं नाही. तिचं काम महाग होत जाणं, आणि ते ती चोख करत होती. असलं कोरीवकाम करणारे कारागीर संपत चालले होते, अमेरिकेतले शौकीन ऑक्शनमध्ये बोली चढवत होते, आणि नवरा रविवारी पोहे खात कॅटलॉग वाचून दाखवत होता.

"बघ, अशीच एक केवढ्याला गेली."

"मग आपलीही विकू."

"आत्ता? भाव चढत असताना? वेडी आहेस का?"

अशी चार वर्षं गेली. भाव उतरले असते तर उतरलेत म्हणून थांबलो असतो, ही गोष्ट वेगळी. दरवर्षी कोर्सची जाहिरात यायची, मी ती फ्रिजवर लावायचे आणि मुदत टळली की काढायचे. घरात भाव फक्त रायफलीला आहे, असं मी येईल त्या पाहुण्याला ऐकवायचे.

शेवटी त्या वर्षी मी हट्टच धरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, जुन्या बंदुकांचा एक व्यापारी घरी येणार असं ठरलं.

खंडेनवमीला आमच्याकडे एरवी स्टेथोस्कोप, लॅपटॉप आणि कारची किल्ली पाटावर मांडून पूजा होते. या वेळी नवऱ्याला भरून आलं. खरंखुरं शस्त्र घरात असताना लॅपटॉपची कसली पूजा करायची? त्याने रायफल पाटावर ठेवली, ओल्या हळदकुंकवाची बोटं नळीवर, दस्त्यावर, कोरलेल्या पानाफुलांवर उमटवली, वेम्बलीहून आणलेली झेंडूची माळ घातली आणि नमस्कार केला. मीही केला. जाताजाता तिने माझं एक वर्ष देऊन जावं, एवढंच मागितलं.

शनिवारी सकाळी बघतो तर कुंकवाचे डाग जाईनात. व्यापारी अकराला येणार होता. घरात देवाची उपकरणी कशाने निघतात हे दोघांनाही चांगलं माहीत होतं. रायफल नवऱ्याच्या मांडीवर, कारण कायद्याने ताबा त्याचा. चिंच माझ्या हातात. समई घासावी तशी मी ती नळी घासली. डाग गेले, आणि त्यांच्याबरोबर नळीवरचा निळसर काळा रंगही गेला. आतून पोलाद असं लखलखीत निघालं की आम्ही एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं.

व्यापाऱ्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग हळू आवाजात विचारलं, "व्हॉट डिड यू यूज?"

"टॅमरिंड," नवरा म्हणाला.

व्यापाऱ्याने समजावून सांगितलं. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हता, कारखान्यातला मूळ मुलामा होता, आणि शौकीन पैसे मोजतात ते त्याच्यासाठी. त्याने सांगितलेली किंमत आम्ही दिलेल्या किमतीपेक्षाही कमी होती. चहा न घेताच तो गेला.

मला रडू कोसळलं. नवऱ्याचा संताप होईल असं वाटलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटका होती. रायफल पुसत तो म्हणाला, "आता तर विकण्यात पॉइंटच नाही. ठेवू. पाचदहा वर्षांत हिलाही भाव येईल."

मी भांडायला तोंड उघडलं आणि थबकले. त्याला ती कधीच विकायची नव्हती, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. आमचं घर त्याच्या एकट्याच्या पगारात ओढूनताणून चालेल, हेही ठाऊक होतं. तरी चार वर्षं मी जाहिराती फ्रिजवर लावल्या आणि दोष रायफलीला दिला, कारण चाळिशीत वर्गापुढे उभं राहायची मला भीती वाटत होती.

दुपारी मी अर्ज भरायला बसले. वीस मिनिटं लागली.