नव्या फुटबॉल-सरांची चौकशी

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. चेंडू समोरच्या जाळ्यात गेला की आपण हसायचं आणि आपल्या जाळ्यात आला की रडायचं, फुटबॉलमधलं मला एवढंच कळतं. चंद्रपूरजवळच्या मूल गावातल्या आमच्या कॉलेजची मुलींची टीम बहुतेक वेळा रडायचीच. तरी क्रीडा समिती माझ्या गळ्यात पडली, कारण मुलांना नवे चेंडू आणि मुलींना उसवून शिवलेला एकच, असं का, हे मी भर सभेत विचारलं होतं. आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्यालाच कामाला जुंपतात.

त्या वर्षी प्राचार्यांनी मला बोलावलं. "मॅडम, आपल्या पोरींनी दोन वर्षांत एक गोल नाई मारला. या वर्षी एक तरी दाखवा. नाई त टीम बंद. उगाच पोरींले उन्हात काऊन तळाचं?"

ही बातमी माझ्याआधी मैदानावर पोचली. दुपारी आमची कॅप्टन प्रयोगशाळेच्या दारात उभी. ती टीमची गोलकीपर. रोज जवळच्या खेड्यातून एसटीने यायची.

"मॅडम, टीम बंद झाली त मी गेली."

"कुठे?"

"सासरी."

पोरगी टीममध्ये आहे तोवर पाहुणे आणायचे नाहीत, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. माणूस शब्दाचा पक्का. टीम आहे तर थांबणार, नाही तर नाही. मला राग आला. कोणाचा, ते नीट ठरवता येईना, म्हणून त्या न झालेल्या गोलाचाच धरला.

जुने सर सोडून गेले होते. नव्या जागेसाठी कुरखेड्याकडचे एक सर मुलाखतीला आले. तिथल्या कॉलेजात त्यांच्या मुलींनी गोलांचा पाऊस पाडला, आक्रमणात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, अशी ख्याती. प्रत्यक्षात माणूस काडीपैलवान. मान खाली घालून स्वतःच्या बुटांशी बोलणारा. गोल कसे झाले, विचारलं, तर म्हणाले, "पोरी करत गेल्या." मला वाटलं, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा!

प्राचार्य म्हणाले, खरं-खोटं तुम्हीच पाहून या. आता फुटबॉलच्या माणसाची पारख कशी करतात, हे मला काय ठाऊक? पण माणसाची पारख करायची एक रीत आम्हा सगळ्यांना येते. सोयरिकीची. गावात जायचं, पण त्याच्या घरी नाही. चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात, किराण्यात विचारायचं. एका रविवारी कॅप्टनला बरोबर घेतलं आणि गडचिरोलीला गाडी बदलून आम्ही कुरखेड्याला उतरलो.

टपरीवरच्या बाईंनी मला पाहिलं, पोरीला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि चहात साखर वाढवली. "पोरगा बेस आहे जी. खर्रा-तंबाखू नाई खात. धानाच्या बांधीत उतराले लाजत नाई."

कटिंगवाल्याने सरांच्या डोक्यावर टक्कल पडायची लक्षणं नाहीत, अशी हमी दिली. किराणा दुकानातले चाचा तर गल्ला सोडून बाहेर आले. "लडका हीरा है, बाजी. बेटी को सुखी रखेगा."

कॅप्टनचा चेहरा लालबुंद. "मॅडम, हे लोक मले त्या सरांले देऊन राह्यले!"

आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग टपरीवर परत जाऊन मी स्पष्टच सांगितलं. आम्हाला लग्न जमवायचं नाही, गोल कसे झाले ते हवं आहे.

बाईंचा हिरमोड झाला. "मंग असं सांगा नं पयले. गोल त सारे त्या एका पोरीनं मारले. इथीच देली आहे तिले, मागच्या गल्लीत."

झालं! गोल एका पोरीचे आणि नाव सरांचं. आता तिचं लग्नही होऊन गेलेलं. मी मनातल्या मनात सरांना नकार कळवूनही टाकला. पण एवढं आलोच आहोत, तर भेटून जाऊ म्हटलं.

ती अंगणात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, चिरत बसली होती. फुटबॉल शब्द ऐकताच विळी बाजूला सारून उठली.

"तू कुठी खेळतेस?" तिने कॅप्टनला विचारलं.

"गोलात."

ती खळखळून हसली. "मीबी पयले गोलातच उभी राहत होती. सर आले अन् कितीक दिवस नुसते बसून पाह्यत राह्यले. मंग म्हणाले, बॉल येयाच्या आधीच तू पुढे धावतेस, मंग मागं काऊन उभी राह्यतेस? अन् मले पुढे खेळवलं."

"मग गोलात कोण?" मी विचारलं.

"जे सापडन ते! आमी गोल खाल्लेबी मस्त. ते नाई सांगतलं वाटते सरांनी?"

"आणि आता तुझं खेळणं?"

तिने वास्त्यांच्या टोपलीकडे बोट दाखवलं. हसतच दाखवलं, पण कॅप्टनचं हसू मावळलं. परतीच्या गाडीत गडचिरोली आलं तशी ती म्हणाली, "मॅडम, त्या सरांलेच घ्या."

मी प्राचार्यांना सगळं सांगितलं. गोल एकाच मुलीचे आहेत, पण ती मुलगी या माणसाने गोलातून शोधून काढली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "खर्रा नाई खात नं?"

"नाही."

"मंग घ्या."

सर आले आणि आमच्याकडेही पायऱ्यांवर नुसते बसून राहिले. माझा जीव टांगणीला. शेवटी एक दिवस त्यांनी कॅप्टनला पुढे आणलं आणि गोलात उभी केली एक अशी मुलगी, जी चेंडू आला की डोळे मिटून किंचाळायची.

चंद्रपूरच्या स्पर्धेत आम्ही इतके गोल खाल्ले की मी मोजणं सोडलं. पण शेवटी शेवटी कॅप्टन चेंडू घेऊन सुटली. दोघी आडव्या आल्या, त्या पडल्या, मग हीसुद्धा पडली आणि चेंडू रेशनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासारखा हळूहळू जाळ्यात गेला. मी एवढी ओरडले की दुसऱ्या दिवशी तास घेता आला नाही. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे. प्राचार्यांनीही शब्द पाळला. एक म्हटला होता, एक झाला.

होळीनंतर माझ्या विभागात दोन अनोळखी माणसं आली. इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात पिशवी. मी बसायला सांगितलं. कॅप्टनचं नाव घेऊन त्यातले थोरले म्हणाले, "पोरीचे बाबा म्हणाले, टीम चालू आहे का बंद झाली, थे मॅडमले इचारून या. बंद झाली असन, त बोलणी करू."

मी त्यांना खिडकीशी नेलं. खाली मैदानात ती चेंडू घेऊन पुढे धावत होती. सर नेहमीसारखे पायरीवर बसले होते.

"टीम आहे," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं, की प्रयोगशाळेतल्या सगळ्या मुली वळून पाहू लागल्या.