धोंड्याचं वाण आणि माळावरचं गोल्फ

भर उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यात हौसेने फिरायला कुणी जात नाही. तुम्हीही जाऊ नका, थंडीत जा. आम्ही गेलो, कारण यंदा अधिक महिना नेमका उन्हाळ्यात आला आणि माझ्या धाकट्या भावाने, बालाजीने, आम्हा दोघांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. आई-वडील गेल्यापासून माहेरचा हा मान तोच सांभाळतो. जिंतूरहून येलदरीकडे जाताना आत फुटणाऱ्या एका रस्त्यावर आमचं गाव आहे. नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेलच.

जायचं दुसरं कारण नवऱ्याचं गोल्फ, आणि माझ्या वैतागाची सुरुवात तिथूनच होते.

मिलिंद गोल्फ खेळत नाही. खेळत असता तर मी समजून घेतलं असतं, लोक काय वाट्टेल ते खेळतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी पडून असताना तो टीव्हीवर गोल्फ बघायला लागला आणि हळूहळू खेळाडू सोडून जमीनच बघायला लागला. हा चढ इथेच का ठेवला, वाळूचा खड्डा तिथेच का खणला, चेंडू पडल्यावर कुठे वळेल. गोल्फची मैदानं आखणारे खास वास्तुकार असतात ही माहिती मला वरणभात वाढताना मिळाली. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे असतात आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

मैदान आखायला जमीन लागते. पुण्यात आमच्या मालकीची जमीन म्हणजे बाल्कनीतल्या कुंड्या. मग त्याने उपग्रहाच्या नकाशावर माझ्या माहेरचा माळ शोधून काढला. मुरमाड, बरड, कुसळी गवताचा माळ. त्यावर पेरायला कुणी धजत नाही. पण मिलिंदला त्यात तीन होल दिसले. वर्षभर तो रोज संध्याकाळी त्या माळाचे चढउतार कागदावर काढत बसायचा. ‘चांगला आखणारा माती कमीत कमी हलवतो,’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. ‘जमीन आहे तशी घ्यायची. हा माळ तर तयारच आहे गं, मला फक्त झेंडे रोवायचेत.’ त्या झेंड्यांसाठी माझी एक लाल साडी कापली गेली. ती चांगली होती.

निघायच्या दोन आठवडे आधी बालाजीचा फोन आला. जावयाला वाण काय द्यायचं, अंगठी की कपडे? मी शेजारीच भाजी निवडत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

‘बालाजी, मला काही नको,’ मिलिंद म्हणाला. ‘तुमचा तो माळ चार दिवस वापरायला दे फक्त. गोल्फसाठी.’

‘गोल्फ म्हंजी ते टीवीवरचं हिरवं मैदान ना दाजी?’

‘हो, तेच.’

‘मग काय बी काळजी करू नका. जिम्मेदारी माझी.’

मिलिंद खूश होऊन फोन ठेवून नकाशाकडे वळला. मीही भाजी निवडत राहिले. आता वाटतं, ती जुडी खाली टाकून फोन हिसकावून घ्यायला हवा होता.

पहिला दिवस

पहाटे पाचला पुणे सोडलं. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, मंठा, जिंतूर. दहा तास धरून चला. आम्हाला तेरा लागले, कारण आमच्या गाडीत मैदानांचा वास्तुकार होता. रस्ते एकूण बरे आहेत, मधेमधे काम चालू आहे, तिथे धूळ खायची तयारी ठेवा. जालन्याला टाकी आणि पाण्याच्या बाटल्या दोन्ही भरून घ्या. गाडी नसेल तर रेल्वेने परभणी आणि तिथून जिंतूरची एसटी हा स्वस्त आणि शहाणा मार्ग आहे. एसटी तुमच्या नवऱ्यासाठी टेकाडाजवळ थांबत नाही, हा आणखी एक फायदा.

जिंतूरच्या अलीकडे चारठाणा लागतं. तिथली जुनी दगडी देवळं आणि तो उंच कोरीव स्तंभ चुकवू नका. मी माहेरवाशीण म्हणून मोठ्या अभिमानाने स्तंभापुढे उभी राहिले आणि मान वर करून म्हटलं, ‘बघ.’ उत्तर नाही. वळून पाहिलं तर हे गृहस्थ देवळामागे ओणवे होऊन गावाकडच्या उताराला डोळा लावून उभे. रस्त्याने जाणारे एक आजोबा थांबले.

‘पावण्याचं काय हारवलंय का?’

‘अक्कल,’ मी म्हटलं.

‘सापडंल की,’ आजोबा म्हणाले. ‘उनाचं नका शोधू पन. सांच्याला शोधा.’

जिंतूरला बसस्टँडसमोर चहा आणि गरम भजी घेतली. चहा फार गोड असतो, आधीच सांगा. सांगूनही गोडच येतो. घरी पोचलो तेव्हा लाइट गेलेली होती, कूलर मुका होता आणि बालाजी दारात उभा राहून एकटाच हसत होता. हा माणूस लहानपणी चिंचा चोरून आला की असाच हसायचा.

‘माळ बघून येऊ?’ मिलिंद चपलासुद्धा काढत नव्हता.

‘न्हाई दाजी! उद्या. उद्या सकाळी मी दावतो. आज माळाकडं बघायचं बी न्हाई.’

दुसरा दिवस

धोंड्याचं जेवण सांगायलाच हवं. पुरण भरून उकडलेले धोंडे, वर तुपाची धार, कटाची आमटी, कुरडया, अनारसे. भावजय सविताने पहाटेपासून चूल सोडली नव्हती. पण बालाजीला जेवणाआधी वाण द्यायचं होतं, म्हणून उन्हं चढायच्या आत तो आम्हाला माळाकडे घेऊन निघाला. मागे सविता, मागे निम्मी गल्ली. मिलिंदच्या काखेत नकाशाची गुंडाळी होती आणि माझ्या हातात झेंडे.

‘डोळे झाका दाजी.’

मिलिंदने डोळे झाकले. मी झाकले नाहीत, त्यामुळे मला आधी दिसलं.

माळ नव्हता. म्हणजे जागा होती, पण माळ नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल मुरूम तव्यासारखा सपाट करून, वर पाणी मारून, रोलर फिरवून ठेवला होता. कडेने चुन्याच्या रेघा मारलेल्या. मधोमध नारळ फोडलेला. बाजूला जेसीबी उभा आणि त्याचा ड्रायव्हर गळ्यात टॉवेल टाकून शाबासकीची वाट बघत होता.

‘उघडा!’ बालाजी म्हणाला. ‘आसं मैदान पुन्यात तरी हाय का सांगा. लय खड्डे, लय टेकाडं होती दाजी. गोटी सोडली की कुटं बी जायाची. तुमी खेळनार कसं? सगळं काढून टाकलं. एक ढेकूळ सापडलं तर नाव बदलीन!’

मिलिंद बघत राहिला. वर्षभर कागदावर काढलेला एकेक चढ तो समोर शोधत होता, हे मला कळत होतं. त्याच्या काखेतली गुंडाळी खाली घसरत होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मला त्या क्षणी भावाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खोटं कशाला सांगू? विचारायचं तरी एकदा! फोन आहे, तोंड आहे, दाजी दोन आठवड्यांत येणार आहेत हे माहीत आहे, पण नाही, यांना अचंबा द्यायचा.

‘बालाजी, आरं मुडद्या,’ मी सुरुवात केली.

मिलिंदने माझं मनगट धरलं. घट्ट.

‘जेसीबी कुठून आणलास रे?’ त्याने बालाजीला विचारलं.

‘माझ्याच शेततळ्याला सांगितला होता. पावसाच्या आदी ह्याचा नंबर लागत न्हाई कुनाला. म्हनलं शेततळं ऱ्हाऊ दे औंदा. धोंडा काय सारखा येत न्हाई. दाजींनी इतक्या वर्सांत कदी काय मागितलं बी न्हाई.’

मिलिंदने माझं मनगट सोडलं. मग त्याने गुंडाळी माझ्याकडे दिली आणि बालाजीला मिठी मारली. आमच्याकडे मेव्हण्याला कुणी मिठी मारत नाही, त्यामुळे बालाजी काठीसारखा ताठ उभा राहिला.

‘फार सुंदर झालंय,’ मिलिंद म्हणाला. ‘माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं.’

त्याचा आवाज मला माहीत आहे. दुसरं वाक्य खरं होतं.

मग खेळणं आलं. मिलिंदने पुण्याहून आणलेल्या काठ्यांमधली एक काढून चेंडू मारला, तो सरळ गेला आणि थांबला. टाळ्या. बालाजीने मारला, सरळ गेला, थांबला. जेसीबीवाल्यानेही मारला. सपाट जागेवर चेंडू दुसरं करणार काय? ऊन डोक्यावर यायला लागलं होतं, पायाखालचा मुरूम तापत होता आणि मला कुणाशी भांडावं तेच समजत नव्हतं.

तेवढ्यात मला पूर्वेकडच्या कोपऱ्यात टेकाड दिसलं. लिंबाचं झाड, खाली शेंदूर फासलेला दगड आणि त्याला वळसा घालून खाली उतरणारा ओघळ. तेवढाच तुकडा जसाच्या तसा होता.

‘तितं म्हसोबा हाय,’ जेसीबीवाला ओशाळून म्हणाला. ‘तितं बकेट लावायला माझं मन धजलं न्हाई, दाजी.’

‘पुढच्या धोंड्याला ते बी सपाट करू,’ बालाजी म्हणाला. ‘म्हसोबाला नवा ओटा बांधू तिकडं बांदावर, मंग...’

‘खबरदार!’ मी ओरडले. पुण्यात मी अशी ओरडत नाही. ‘त्या टेकाडाला हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. माती न्हाई उचलायची तितली! एक घमेलं न्हाई!’

सविताने पदर डोक्यावर घेऊन म्हसोबाकडे तोंड करून हात जोडले. ‘आक्का पुन्यात ऱ्हाऊन बी देवाधर्माच्या हायेत,’ ती म्हणाली, आणि बायकांनी माना डोलावल्या. मी तसंच राहू दिलं.

साडीचा एकच झेंडा लागला. मिलिंदने तो टेकाडावर रोवला, म्हसोबाचा मान राखून चार हात लांब. त्याने खालून चेंडू मारला, तो चढला, थबकला आणि घरंगळत ओघळात आला. पुन्हा मारला, पुन्हा ओघळात. सकाळपासून पहिल्यांदा तो हसला.

‘अहो, डावीकडनं मारा,’ मी म्हटलं. माहेरी मी त्याला अहो म्हणते. ‘लिंबाच्या मुळाच्या वर. तिथून सगळं फिरून उजवीकडं येतं. आम्ही टायर सोडायचो.’

तो थांबून माझ्याकडे बघायला लागला. मग लिंबाच्या मुळाच्या वर चेंडू मारला. चेंडू गेला, वळला, संथपणे अर्धं टेकाड फिरून झेंड्यापाशी येऊन थांबला.

‘तुला हे माहीत होतं?’

‘रोज इथून शाळेत जायचो आम्ही. न माहीत असायला काय झालं?’

आणि तेव्हा मला खरा राग आला. वर्षभर हा माणूस उपग्रहाला विचारत होता. मी त्याच टेबलाशी बसून जेवत होते. मला एकदाही विचारलं नाही.

तिसरा दिवस आणि परत

चार दिवसांचं मैदान अर्ध्या दिवसात संपल्यामुळे आम्ही येलदरीला गेलो. धरणाची भिंत, वीजघर, उन्हाळ्याने मागे सरकलेलं पूर्णेचं पाणी. मासे ताजे मिळतात, पण अधिक महिना असल्याने सविताने आमच्याकडून आधीच शब्द घेतला होता, तेव्हा वास घेऊन पुढे गेलो. पाणी ओसरलेल्या उतारावर म्हशींनी गवत अगदी जमिनीलगत चरून ठेवलं होतं. मिलिंदने गाडी थांबवायला सांगितलं नाही. मीच थांबवली. ‘बघ,’ म्हटलं, ‘तुझं ते बारीक कापलेल्या गवताचं फेअरवे का काय.’ तो उतरला, बघून आला आणि गाडीत बसून म्हणाला, ‘छान आहे.’ एवढंच. तो बडबडतो तेव्हा मी वैतागते, पण त्या दिवशीची शांतता मला सोसवली नाही.

येताना सविताने अनारशांचा डबा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तुपाची बरणी दिली. गाडीत गोल्फच्या काठ्यांना जागा उरली नाही. त्या बालाजीकडेच ठेवल्या.

आता पुण्यात येऊन पंधरवडा झाला. काल बालाजीने फोटो पाठवला. मैदानावर आख्ख्या पंचक्रोशीच्या क्रिकेटच्या मॅच भरल्यात आणि कमान उभी केलीय, तिच्यावर ‘दाजींचं मैदान’. म्हणून गावाचं नाव देत नाही. तुम्ही गोल्फच्या आशेने जाल आणि तिथे तुमच्या हातात बॅट देतील. मिलिंदने त्याला उत्तर लिहिलं, ‘फार छान.’

टेबलावर पुन्हा कागद आहे. जुना नकाशा त्याने गुंडाळून माळ्यावर टाकला. हा कोरा आहे. परवा तो माझ्यासमोर पेन्सिल ठेवून म्हणाला, ‘आधी कसा होता ते सांगशील?’ मी म्हटलं, मला वेळ नाही, कुकर लावायचाय. मग उभ्याउभ्याच ओघळाची रेघ काढली, कारण त्याच्या जुन्या नकाशात ओघळ चुकीच्या बाजूला वळत होता. मग बोरीचं झाड काढलं. मग बकऱ्या उतरायच्या ती वाट. ताटं आजही मांडीवरच घ्यावी लागली.

तो माळ आता उपग्रहातही दिसत नसेल. दिसतो तो मला एकटीला, आणि हा माणूस दर दोन मिनिटांनी मापं विचारून जीव खातो.

‘हा चढ किती उंच होता?’

‘मोजायला गेले नव्हते मी!’ मी ओरडले. ‘दप्तर पाठीवर असलं की वर पोचेस्तोवर धाप लागायची. एवढा.’

त्याने मान हलवली आणि चढाशेजारी बारीक अक्षरात तेवढंच लिहून घेतलं.